दिवटी, पणती आणि एक पिवळा बल्ब: अगदी कमी उजेडात माणसांचे फोटो कसे काढावेत

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. त्याच महिन्यात त्रिपुरारी पौर्णिमेला घाटांवर पणत्या लागतात. मागोमाग लग्नसराई येते, घरोघरी गोंधळ घातले जातात. या तिन्ही ठिकाणी कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशीची तक्रार ठरलेली: डोळ्याला एवढं सुंदर दिसत होतं, फोटोत मात्र अर्धे हललेले आणि उरलेले पिवळेधम्मक.

कॅमेऱ्याची किंमत यात फार कमी वेळा आडवी येते. बहुतेकदा चुकतो तो ठरवण्याचा क्रम. दिवसा उजेड भरपूर असतो, त्यामुळे आयएसओ (सेन्सरवर आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) १०० किंवा २०० वर ठेवून बाकीचं आपण सावकाश जुळवतो. रात्री हाच क्रम उलटा करावा लागतो. समोरचा माणूस किती हलतोय ते आधी बघायचं आणि त्यावरून शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवायचं (१/६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग). मग लेन्स जेवढी उघडेल तेवढी उघडायची. जे कमी पडेल ते आयएसओकडून घ्यायचं, आकडा कितीही मोठा दिसला तरी. आणि उजेड मोजायचा तो फक्त चेहऱ्याचा. मागचं अंगण काळं पडतंय? पडू दे. रात्र आहे.

कॅमेरा पिशवीतच ठेवून सुरुवात

जागेवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं नुसतं बघायचं. उजेड कुठून येतोय, किती अंतरावरून येतोय, कोणाच्या तोंडावर पडतोय आणि कोणाच्या पाठीवर. यासाठी स्वतःचा तळहात सगळ्यात सोयीचा. माणूस उभा राहणार आहे त्या जागी हात चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि सावकाश फिरवा. बोटांच्या सावल्या कुठल्या बाजूला पडतात, कुठल्या कोनात हात नुसताच सपाट पांढरा दिसतो आणि कुठे त्यावरच्या रेषा उठून येतात, हे लगेच कळतं. रेषा उठून येतात त्या कोनात चेहरासुद्धा चांगला येतो.

अंतराचं गणित एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. दिवा लहान असेल तर अंतर दुप्पट होताच उजेड चौथ्या भागावर येतो. पणत्यांची ताटली चेहऱ्यापासून साठ सेंटीमीटरवर आहे आणि बाईंनी ती तीस सेंटीमीटरवर घेतली, तर चेहऱ्यावर चौपट उजेड पडतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दोन स्टॉप वाढवणारी लेन्स घ्यायला दुकानात किती पैसे मोजावे लागतात, ते आठवा. एकच पणती मात्र फार तोकडी पडते. ताटलीत पाच-सात एकत्र असतील तर उजेडही वाढतो आणि सावल्यांची धारही मऊ होते. ओढणी, पदर आणि केस ज्योतीपासून लांब राहतील एवढं अंतर ठेवायलाच हवं, फोटोसाठी कोणाला आणखी पुढे वाकायला लावू नका.

दशावतारात दिवे बहुधा मांडवाच्या पुढच्या कडेला असतात. नट बाकड्यावर बसून बोलत असतो तेव्हा त्याच्यावर एक उजेड आणि पुढे येऊन पद म्हणायला लागला की दुसराच. थोडा वेळ निरीक्षण केलं की कुठली जागा उजेडाची आहे ते समजतं. जुन्या नटांना हे आपल्याहून आधी माहीत असतं, महत्त्वाच्या वाक्याला ते बरोबर तिथेच येऊन उभे राहतात. आपण कॅमेरा त्या जागेवर तयार ठेवून थांबायचं.

शटर: हात हलणं वेगळं, माणूस हलणं वेगळं

लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं. समोरच्याची मान वळली तर ते काहीही करू शकत नाही. म्हणून डब्यावर 'पाच स्टॉप' छापलंय या भरवशावर १/१५ ने फोटो काढले, तर मागची भिंत खणखणीत येते आणि माणूस धुरकट. ट्रायपॉडचंही तेच. घाटावरच्या दिव्यांच्या ओळींसाठी तो उत्तम, हलत्या माणसांसाठी जवळपास निरुपयोगी, शिवाय गर्दीत कोणीतरी पाय अडकून पडतं.

माझे सुरुवातीचे आकडे असे. शांत बसून ऐकणारी किंवा पणती लावणारी व्यक्ती असेल तर १/६०. बोलणारा, गाणारा, पेटी वाजवणारा असेल तर १/१००. हातवारे करणारा नट किंवा तुणतुण्यावर झुलणारा गोंधळी असेल तर १/१६० ते १/२००. युद्धप्रसंगात तलवारी फिरायला लागल्या, की १/२५० किंवा त्याच्याही वर. मुलांना नेहमी एक पायरी वरचं शटर द्या, ती शांत बसली आहेत असं फक्त आपल्याला वाटतं.

उजेडच इतका कमी असेल की हे आकडे परवडत नाहीत, तर हालचालीतला थांबा पकडायचा. संबळ वाजवणाऱ्याच्या हाताकडे नीट बघा. काठी खाली येताना दिसतसुद्धा नाही, पण वर गेली की टोकाला पळभर थांबते आणि मग परतते. त्या पळात १/६० लाही काठी स्पष्ट येते. गाणारा माणूस ओळ संपवून श्वास घेतो, नट टाळी मिळाल्यावर थबकतो, बोलणारा समोरच्याचं ऐकायला थांबतो. ठेका दोन-तीन आवर्तनं ऐकला की बोट आपोआप त्या जागेवर दाबलं जातं. एकच फोटो काढण्याऐवजी तीन-चारची छोटी सलग मालिका घ्या. बटण दाबताना आणि सोडताना कॅमेरा किंचित हलतो, मधला फोटो बहुधा जास्त स्थिर असतो. कोपरं अंगाला टेकवा, जमलं तर खांबाला खांदा लावा.

आता एक गोष्ट जी परदेशी लेख वाचून शिकणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. शटर १/१०० असेल तर दिव्याचं एक पूर्ण आवर्तन फोटोत येतं, १/५० ला दोन येतात, आणि प्रत्येक फोटोचा उजेड सारखा राहतो. १/२०० किंवा १/२५० ला गेलात की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे. म्हणून ट्यूबच्या उजेडात मी १/१२५ च्या ऐवजी १/१०० लावतो. हालचालीत काडीचा फरक पडत नाही आणि पट्टे टळतात. वेगवान शटर लागणारच असेल तर कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय आहे का ते शोधा. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली बंद ठेवा, पट्ट्यांचा त्रास त्यात सगळ्यात जास्त असतो. दिवटीला किंवा पणतीला ही भानगड नाही आणि जुन्या पिवळ्या बल्बला अगदी थोडी, कारण त्याची तार तेवढ्यात थंड होत नाही. अमेरिकेतल्या मंडळाच्या गणपतीत फोटो काढणाऱ्यांनी मात्र १/६० आणि १/१२० धरावं, तिथली वीज ६० हर्ट्झची.

लेन्स: ५० ची साधी प्राइम

कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ च्या खाली उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ५० मिलिमीटरची एफ/१.८ प्राइम (झूम न होणारी लेन्स) ही जवळजवळ प्रत्येक कंपनीची सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक. या दोघींत सव्वातीन स्टॉपचा फरक आहे, म्हणजे दुसरी लेन्स साधारण दहापट उजेड आत घेते. किट लेन्सला आयएसओ २५६०० लागत असेल तिथे हिला २५०० च्या आसपास पुरतो. नवीन कॅमेरा घ्यायचा विचार करणाऱ्याला मी आधी ही लेन्स घ्यायला सांगतो. एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर ५० थोडी लांबची पडते, घरातल्या छोट्या खोलीत ३५ बरी.

याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स एफ/१.८ ला उघडून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलात, तर जेमतेम दहा सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. एपीएस-सीवर तो सहा-सात सेंटीमीटरच. एका चेहऱ्याला पुरतं. मागेपुढे बसलेल्या दोघांना पुरत नाही. दोघांना एका रांगेत आणा किंवा आपणच बाजूला सरका, म्हणजे दोघं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील. तेही जमत नसेल तर एफ/२.८ ला जा आणि आयएसओ वाढवा.

आयएसओची भीती

फोटोत जे दाणे दिसतात ते आयएसओने तयार होतात, हा समज जाता जात नाही. दाणे मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे येतात. सेन्सरवर किती उजेड पोचणार हे शटर, ॲपर्चर (लेन्सचं उघडलेलं तोंड) आणि समोरच्या दिव्याने ठरून गेलेलं असतं. आयएसओ त्यानंतर आलेला संकेत फक्त वाढवून दाखवतो. म्हणून ६४०० च्या भीतीने ८०० वर काढलेला काळा फोटो घरी उजळवलात, तर दाणे तेवढेच निघतात. जुन्या कॅमेऱ्यात तर शिवाय काळ्या भागात जांभळी झाक आणि रेघा.

नवीन कॅमेऱ्यात आयएसओ एखादा स्टॉप कमी ठेवून रॉ फाइल (सेन्सरची मूळ, न बदललेली नोंद) नंतर उजळवली तर फारसं बिघडत नाही. ज्योत चौकटीत असेल तेव्हा मी मुद्दाम तसं करतो, कारण काळपट आलेलं परत मिळतं, जळून पांढरं झालेलं कधीच मिळत नाही. पण एक स्टॉप म्हणजे एकच. तीन-चार स्टॉप मागे राहून 'घरी बघू' म्हणणं महागात पडतं.

हललेल्या फोटोवर इलाज नाही, दाणेदार फोटोवर आहे. एवढं पक्कं झालं की ६४०० चा आकडा बघून हात मागे येत नाही. चाचपणीसाठी हे आकडे घ्या, तिथून अर्धा-एक स्टॉप इकडेतिकडे करा:

पाच-सात पणत्या, चेहरा हातभर अंतरावर: एफ/१.८, १/६०, आयएसओ ३२००.

अंगणातला गोंधळ, लांब एक ट्यूब आणि जवळ दिवटी: एफ/२, १/१००, आयएसओ ३२०० ते ६४००.

दशावताराचा मांडव, समोर हॅलोजन किंवा मोठे एलईडी: एफ/२.८, १/२००, आयएसओ ३२००. किट लेन्स असेल तर हेच आयएसओ १२८००.

रंगपटात एका बल्बखाली तोंड रंगवणारा नट: एफ/१.८, १/१००, आयएसओ १६०० ते ३२००.

हा शेवटचा प्रसंग माझ्या मते अख्ख्या रात्रीतला सगळ्यात चांगला. दशावतारी नट आपली रंगभूषा स्वतःच करतात. हातात छोटा आरसा, वर लोंबता बल्ब, चेहरा स्थिर आणि नजर आरशात. उजेड जवळचा असतो आणि हालचाल फक्त बोटांची. आत जाण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर बाहेर थांबा.

मोजायचं ते चेहऱ्यावर

कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्या छटेत आणायला बघतो. काळी रात्र दिसली की त्याला वाटतं फोटो अंडर होतोय, मग तो उजेड वाढवतो. अंगण राखाडी होतं आणि ज्याच्या तोंडावर दिवटीचा उजेड आहे तो माणूस पांढराफटक. याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे दशावतारातला संकासुर. अंगभर काळा वेष, तोंडावरही काळं. तो जवळ आला आणि चौकट भरली की मीटर दीड-दोन स्टॉपने फसतो, आणि शेजारी उभ्या असलेल्याचा रंगवलेला चेहरा जळून जातो. उलट गाणाऱ्याच्या मागे उघडी ट्यूब दिसत असेल तर मीटर घाबरून उजेड कमी करतो आणि माणसाची नुसती सावली उरते.

उपाय मॅन्युअल मोडचा, म्हणजे सगळे आकडे हाताने लावायचे. मगाचा तळहात पुन्हा कामाला येतो. मीटरिंग स्पॉटवर टाका (म्हणजे मीटर मधल्या टिंबापुरताच उजेड मोजतो), माणसाच्या तोंडावर पडणाऱ्या उजेडात आपला तळहात धरा, मीटरचं मधलं टिंब त्यावर ठेवून वाचन घ्या. तळहाताचा रंग माणसामाणसांत फार बदलत नाही आणि तो मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. म्हणून मीटरची खूण शून्यावर न ठेवता अधिक एकवर येईल असं एक्स्पोजर बसवा. तिथे पोचता येत नसेल, समजा नट मांडवात आहे आणि आपण खाली, तर त्याच्या गालावरच स्पॉट घ्या. गहूवर्णी चेहरा शून्यावर, सावळा शून्याच्या अर्धा ते एक स्टॉप खाली, गोरा किंवा सफेदा लावलेला एक स्टॉप वर. सावळा चेहरा जबरदस्तीने मध्यम करड्यावर आणला की तो धुवून काढल्यासारखा दिसतो. लग्नाच्या कित्येक अल्बमांत हे झालेलं आहे.

एकदा बसवलेलं एक्स्पोजर दिवा आणि माणूस यांच्यातलं अंतर बदलेपर्यंत तसंच राहू द्या. पार्श्वभूमी बदलली, पाहुणे मधे आले, तरी चेहऱ्यावरचा उजेड तोच आहे. दिवटी हलती असते, वाऱ्याने फडफडते, तेल घातलं की भडकते. अशा वेळी ज्योत मोठी असतानाचा चेहरा बघून आकडे ठरवा, लहान होईल तेव्हाचे फोटो थोडे काळपट येतील आणि ते चालतात. मांडवातला उजेड सतत बदलत असेल तर शटर आणि ॲपर्चर हाताने लावून आयएसओ ऑटो ठेवणं सोयीचं. त्यासोबत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकच्या आसपास ठेवा, मागे गडद असेल तर उणे दीड. चौकटीत ज्योत किंवा उघडा बल्ब येणार असेल तर मात्र ऑटो आयएसओ सोडा, तो दर फोटोला उड्या मारतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. अंधारात तो इतका झगझगीत दिसतो की दोन स्टॉप अंडर फोटोही छान वाटतो. पडद्याचा उजेड ऑटोवरून काढून कायमचा मधल्या पायरीवर ठेवा आणि हिस्टोग्राम उघडा, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कुठली छटा किती आहे ते दाखवणारा आलेख. रात्रीच्या फोटोत डावीकडे मोठा डोंगर असणारच, तो अंधाराचा आहे, त्याला सरकवायला जाऊ नका. चेहऱ्याचा छोटा उंचवटा मधल्या भागात, उजव्या भिंतीपासून लांब असला म्हणजे झालं. शक्य असेल तर लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लावा. पिवळ्या उजेडात लाल रंग सगळ्यात आधी भरून वाहतो. एकत्र आलेख ठीक दिसत असतानाही गालावरचा लाल संपलेला असतो, आणि मग कपाळावरचं कुंकू आणि आजूबाजूची कातडी एकाच सपाट केशरी डागात मिसळते. असं दिसलं की अर्धा ते पाऊण स्टॉप खाली या.

फोकस सापडत नाही तेव्हा

कमी उजेडात लेन्स पुढेमागे घिरट्या घालते. तिला उजेड आणि सावलीची स्पष्ट कड द्या. नाकाची बाजू, भुवई, फेट्याची किनार चालते. सपाट गालावर ती हमखास हरते. नवीन कॅमेऱ्यातली डोळा ओळखणारी सोय चांगलीच उपयोगी आहे, पण जाड रंगवलेल्या चेहऱ्यावर ती गोंधळते आणि मुकुटावरच्या चमचमत्या मण्यांवर जाऊन बसते. तेव्हा एकच फोकस पॉइंट निवडून हाताने डोळ्यावर ठेवा. मधला पॉइंट जुन्या डीएसएलआरमध्ये बाकीच्यांपेक्षा जास्त भरवशाचा असतो.

फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवा आधीच बंद करून या. नटाच्या डोळ्यात दर मिनिटाला केशरी झोत मारणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

माणूस एका जागी बसलेला असेल तर मॅन्युअल फोकस करून थोडं पुढेमागे झुकत मालिका काढणं, हाही एक मार्ग. मिररलेसमध्ये चित्र मोठं करून बघता येतं, त्यामुळे हे सोपं जातं.

रंग

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका उजेड केशरी. ज्योतीचा उजेड १९०० ते २००० केल्विन, पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, हॅलोजन ३००० ते ३२००, पांढरे एलईडी ६००० ते ६५००. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) या टोकांवर कधी सगळी ऊब काढून टाकतो, कधी अर्धवट सोडतो, आणि लागोपाठच्या दोन फोटोंत वेगळा निर्णय घेतो. रॉमध्ये काढा आणि कॅमेऱ्यात केल्विन ठरवून टाका. पणतीच्या उजेडाला ३००० च्या आसपास मला बरं वाटतं: केशरी छटा राहते, पण माणूस काविळीचा रोगी दिसत नाही. पूर्ण पांढरं करण्याच्या भानगडीत पडू नका. त्रिपुरारी पौर्णिमेचा फोटो दुपारच्या उजेडासारखा दिसून काय उपयोग?

खरी डोकेदुखी मिश्र उजेडाची. एका गालावर ट्यूब आणि दुसऱ्यावर बल्ब असेल तर एक बाजू हिरवट-निळी आणि दुसरी केशरी येते, कुठलाही आकडा दोन्हींना जमत नाही. घरचा कार्यक्रम असेल तर यजमानांना विचारून त्यातला एक दिवा बंद करा. जमत नसेल तर माणसाला एकाच दिव्याकडे वळेल असं बसवा. तेही नाही तर तो फोटो कृष्णधवल करा, चांगल्या भावमुद्रेचं त्यात काही बिघडत नाही. रंगीत एलईडी असतील तर निळा-जांभळा जाऊन पांढरा येईपर्यंत थांबा. निळ्या झोतातला चेहरा सुधारत नाही.

पहाटे दहीकाल्याच्या वेळेला आकाश निळं व्हायला लागतं आणि मांडवातले दिवे अजून चालू असतात. ही पंधरा-वीस मिनिटं फार सुंदर, कारण चेहरे उबदार आणि मागे निळं आकाश, दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. फक्त रात्रभर लावलेलं मॅन्युअल तसंच विसरलात तर सगळं ओव्हर होत जाईल. दर दोन मिनिटांनी आयएसओ खाली आणत राहा.

उजेड आणावा का?

दशावतारात आणि देवळात फ्लॅश वापरू नये, हे माझं ठाम मत. प्रेक्षक रात्रभर जागून नाटक बघायला आलेले असतात, तुमचा लखलखाट बघायला नाही. घरच्या गोंधळात विचारून, बेताने वापरता येतो. फ्लॅश सरळ माणसावर न मारता पांढऱ्या छतावर किंवा मागच्या भिंतीवर मारा. त्यावर केशरी जिलेटीन लावा म्हणजे बल्बच्या उजेडाशी त्याचा रंग जुळेल. ताकद १/१६ पासून सुरू करा. शटर १/६० आणि आयएसओ १६०० ठेवा, म्हणजे दिवटीचा स्वतःचा उजेडही फोटोत उरतो आणि फ्लॅशची चमक चेहऱ्याला स्थिर धरते. छत रंगीत असेल तर त्याचा रंग कातडीवर उतरतो. निळ्या रंगाच्या माजघरात हा प्रयोग करू नका.

फ्लॅशपेक्षा सोपं म्हणजे पांढरा थर्माकोल. दिवा ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूने चेहऱ्याच्या शक्य तितक्या जवळ, चौकटीच्या जरा बाहेर धरायला कोणालातरी सांगा. काळी पडलेली बाजू अर्धा-एक स्टॉप उजळते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पांढरं धोतर किंवा ओढणी पसरूनही हेच होतं.

हातात फक्त मोबाईल असेल तर

आधी लेन्स पुसा. बोटाचं तेल लागलेलं असलं की प्रत्येक पणतीभोवती धुक्याचं वलय येतं आणि चेहऱ्यावर फिकट पडदा. मग १ एक्सचाच कॅमेरा वापरा. दोन-तीन एक्सवर गेलात तर अंधारात बरेच फोन टेलिफोटो लेन्स न वापरता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.

नाइट मोड एका फोटोसाठी अनेक चित्रं घेऊन जोडतो. स्थिर घाटासाठी झकास, हलत्या माणसाला वाईट: चेहरा मेणासारखा, हाताला दोन कडा. माणूस बसलेला असेल आणि 'दोन सेकंद हलू नका' म्हणता येत असेल तरच तो वापरा, नाहीतर बंद करा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर तिथे लॉक होतं. मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून उजेड थोडा कमी करा, ज्योत आणि कपाळ वाचतं. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१००, आयएसओ लागेल तो. दुसऱ्याच्या मोबाईलची टॉर्च सरळ तोंडावर न मारता पांढऱ्या भिंतीवर किंवा कागदावर मारली तर बऱ्यापैकी मऊ उजेड मिळतो.

घरी आल्यावर

निवड करताना शंभर टक्क्यांवर डोळे बघा, त्यापुढे मोठं करून दाणे मोजत बसू नका. आधी दाणे काढायचे, मग रंग आणि उजेड. एप्रिल २०२३ पासून ॲडोबी लाइटरूममध्ये एआयवर चालणारी डीनॉइज सोय आहे आणि रॉ फाइलींवर ती खरंच चांगलं काम करते. पैसे न मोजता डार्कटेबल किंवा रॉथेरपी वापरता येतं. लाल-हिरवे रंगीत ठिपके पूर्ण घालवा, नुसते दाणे मात्र थोडे राहू द्या. सगळे काढलेत की आजोबांच्या सुरकुत्याही त्याबरोबर जातात.

काळी बाजू उजळवायचा मोह होतो. तिथे बघण्यासारखं काही नसतं, फक्त दाणे असतात. उलट काळा आणखी थोडा खाली ओढला की ते झाकले जातात आणि चेहरा उठून दिसतो. चेहऱ्यावर मास्क टाकून तेवढाच पाव-अर्धा स्टॉप वर घ्या. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो लांब बाजूला दोन हजार पिक्सेलवर आणला की उरलेले दाणेही निम्म्याने कमी जाणवतात. छापायचा असेल तर आधी एक ४ × ६ ची प्रत काढून बघा. कागदावर पडद्यापेक्षा काळपट येतो, बहुधा अर्धा स्टॉप वाढवावा लागतो.

नट किंवा गोंधळी फोटो मागतातच, आणि ते पोचवायलाच हवेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलात तर फाइल दाबली जाते आणि काळ्या भागात चौकोनी ठिगळं दिसायला लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.